कुर्बानीच्या दिलातून जीवशास्त्राचा धडा
(जळकोट येथे विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसमोर केलेले भाषण)





मी सॉफ्टवेअरचं काम करतो. डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. तरी आज जीवशास्त्रावर बोलतोय, कारण आपली कितीतरी मुलं-मुली नीटचं स्वप्न घेऊन जळकोटहून लातूरला शिकवणीला जातात. त्यांचा पाया मात्र आठवी-नववीतच कच्चा राहतो.

तीन वर्षांपूर्वी बकरी ईदच्या दिवशी माझा आठवीतला पुतण्या पाठ करत होता : वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय. एकही चूक नाही. मी विचारलं, "डावं निलय जाड का असतं?" तो गप्प. अम्मी शेजारी गोश्ताचे वाटे करत होती. तिनं बकऱ्याचं दिल त्याच्या हातात दिलं. "दबा के देख, कौनसा बाजू घट्ट है?"

त्यानं दाबलं, मग आम्ही ते कापलं. डावी भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड. का? उजवी बाजू शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलते, डावी पार खुरांपर्यंत. हे त्याचं त्यानंच सांगितलं. माझी अम्मी चौथी शिकलेली. त्या दिवशी जीवशास्त्राची शिक्षिका तीच होती.

तुम्हालाही हे करता येईल. दिल चीर न देता, वरच्या नळ्यांसकट मागून घ्या. धुवा. महाधमनीत वरून पाणी ओता. पाणी थबकतं, कारण आतली झडप मिटते. मग उभा छेद घ्या. झडपांना बांधलेले पांढरे दोरे दिसतील. फुप्फुसं नळीसकट मिळाली तर पिशवीत ठेवून सायकलच्या पंपानं फुगवा, तोंडानं नको. शेवटी साबणानं हात धुवा.

आता दोन निलयांमधला पडदा बघा. त्यात भोकं शोधा. सापडणार नाहीत. पण जालीनूस या मोठ्या हकीमानं लिहिलं होतं की तिथून रक्त झिरपतं, आणि हजार वर्षं ते मानलं गेलं. इब्न अल-नफीस यांनी १२४२ मध्ये इब्न सीनांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना स्पष्ट सांगितलं की पडद्यात वाट नाही, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. विल्यम हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक १६२८ चं. आपण इब्न अल-नफीस यांचं नाव जलशात अभिमानानं घेतो. पण मोठ्या नावाला प्रश्न विचारायची त्यांची सवय आपल्या वर्गात कुठे आहे?

मी शिकलो त्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, कपाटात कुलूपबंद. दहावीपर्यंत मी त्यातून एकदाही पाहिलं नाही. आज ते निमित्त चालणार नाही. मेरठमध्ये जन्मलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी स्टॅनफर्डमध्ये कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक बनवला, फोल्डस्कोप. २०१४ च्या त्यांच्या शोधनिबंधात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरपेक्षा कमी दाखवला आहे. कांद्याचा पापुद्रा, मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन आणि असा एक कागदी सूक्ष्मदर्शक, एवढ्यात पेशीचा धडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

एक अदबीची गोष्ट. वर्गात मांस न खाणारी मुलं असतात. त्यांच्यावर हे लादू नका. शाळेत कांदा, पानं, तळ्याचं पाणी घ्या. दिलाचा धडा मोहल्ल्यात, ज्यांना यायचं त्यांच्यासाठी. एक जीव गेलेला असतो, म्हणून हसणं-खिदळणं, फोटो टाकणं नको.

आणि मुलींना आत स्वयंपाकघरात पाठवून मुलांना बाहेर प्रयोग दाखवू नका. सुरी त्यांच्याच हाताला सरावलेली आहे. दहावीनंतर ज्यांचं शिक्षण थांबवायची घाई आपल्याला असते, त्यांच्यातच उद्याची सर्जन बसलेली असेल.

येत्या ईदला प्रत्येक मोहल्ल्यात दहा मुलं-मुली, एक दिल आणि एक शिक्षक, एवढंच जमवा. माझ्या मोहल्ल्यात मी बसेन. अम्मीही असेल.