यकृताचा विकार आणि मनाचें औषध

धाराशिव जिल्हा हा पावसाकडे डोळे लावून बसणारा मुलूख. दुष्काळानें व कर्जानें खचलेल्या मनाला आधार मिळावा, म्हणून सन २०१५ मध्यें राज्य सरकारनें येथें आणि यवतमाळ जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलें. जिल्ह्याचें नांव तेव्हां उस्मानाबाद होतें. नैराश्य हा डॉक्टरांस दाखविण्याजोगा आजार आहे, ही जाणीव अशा प्रयत्नांतूनच रुजते. परंतु नैराश्याची गोळी ज्याला दिली, त्याचें यकृतच मद्यानें किंवा जुन्या काविळीनें जर्जर झालें असेल तर? गोळी तीच, पण तिचें बळ तेंच राहतें काय?

तें तसें राहत नाहीं. पोटांत गेलेली गोळी आंतड्यांतून रक्तांत उतरते आणि तें रक्त प्रथम यकृतांतून जातें. गांवाच्या वेशीवर जकातनाकें असावें, तसें हें यकृत. औषधाचा बराच भाग तेथेंच अडतो व मोडला जातो. यकृत कठीण होऊन आक्रसलें, म्हणजेच सिरोसिस झाला, कीं नाक्यावरची माणसें कमी होतात आणि कांहीं रक्त आडवाटेनें निसटून जातें. फ्लुऑक्सेटिन या औषधाचेंच पाहा. निरोगी शरीरांत त्याचा निम्मा भाग सरावयास २ ते ३ दिवस लागतात. सिरोसिसच्या रोग्यांत सरासरी ७.६ दिवस. विहिरींत रोज घागर ओतावी आणि उपसा मात्र मंदावावा, तसें औषध सांचत जातें.

मेंदूची गोष्ट आणखी नाजूक आहे. रक्तांतील पुष्कळसें औषध अल्ब्युमिन नामक प्रथिनास चिकटून असतें. मेंदूंत शिरतो तो मोकळा भाग. हें प्रथिनही यकृतच तयार करतें. तें घटलें कीं मोकळ्या औषधाचा वांटा वाढतो. नेहमींच्या रक्ततपासणींत मोकळें व बांधलेलें औषध एकत्रच मोजलें जातें; म्हणून मेंदूवरचा भार कागदावरील आंकड्यापेक्षां अधिक असूं शकतो.

खरा धोका येथेंच आहे. सांचलेल्या औषधानें सुस्ती व गुंगी येते. बिघडलेल्या यकृतामुळें अमोनिया वाढूनही बुद्धीवर तसेंच मळभ येतें. घरच्यांस वाटतें, नैराश्यच बळावलें. आणि आणखी एक गोळी दिली जाते! याउलट घाबरून औषध एकाएकीं बंद करणेंही घातक. कारण उपचाराविना राहिलेलें नैराश्य जीवावर बेततें.

म्हणून यकृताचा विकार मनाच्या डॉक्टरांपासून व मनाचें औषध यकृताच्या डॉक्टरांपासून लपवूं नये. डॉक्टर अल्प मात्रेनें आरंभ करून ती सावकाश वाढवितात. ड्युलोक्सेटिनसारखें औषध अशा रोग्यांस टाळतात. दिवसा अतिझोप, बोलण्यांत असंबद्धता, काळा शौच किंवा रक्ताची उलटी दिसली, तर विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. आणि जातांना घरांतील साऱ्या गोळ्या बरोबर न्याव्यात.