गुग्गुळानं रक्तवाहिन्या साफ होतात का?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)

२५ वर्षांपूर्वी डोक्यावर सामान घेऊन धावत जिने चढणारे आपण आता लिफ्टची वाट बघतो. संध्याकाळी खाली बाकावर विषय एकच, कोणाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या आणि कोणाला स्टेंट पडला. मग कुणीतरी सांगतंच, "अहो, गुग्गुळ घ्या, सगळं साफ होतं."

गुग्गुळ म्हणजे थोतांड नव्हे, हे आधी सांगतो. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात त्याचा अभ्यास केला. त्यांचा प्रबंध १९६६चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं त्याचा अर्क काढला. १९८९ साली त्याच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, त्यात मुंबई आणि नागपूरही होतं. २०५ रुग्णांनी १२ आठवडे अर्क घेतला. त्यातल्या ७० ते ८० टक्के जणांचं कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरलं. आकडा भारीच! पण ती चाचणी उघड होती. काय देतोय हे डॉक्टरांना आणि काय घेतोय हे रुग्णाला ठाऊक. अशा वेळी माणूस तळलेलंही आपोआप कमी खातो.

२००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे कोणालाच सांगितलं नाही. खोट्या गोळीवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल ५ टक्के उतरलं आणि गुग्गुळवाल्यांचं ४-५ टक्के चढलं. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच.

आणि या दोन्हीकडे तपासलं ते रक्त. आतली वाहिनी मोकळी झाली का, झटका टळला का, हे कुणी पाहिलंच नाही. "साफ होतं" हे आपण बाकावर जोडलं.

आणखी एक. डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या. गुग्गुळाबरोबर घेतल्या तर त्या रक्तात कमी उतरतात, हे १९९४ साली आपल्याकडच्याच संशोधनात दिसलं. म्हणजे गोळी पोटात, पण काम अर्धवट.

आपल्यातल्याच एका काकांनी गुग्गुळ सुरू करून डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली होती. तीन महिन्यांनी रिपोर्ट पाहून काकू माझ्याकडे आल्या. गोळी पुन्हा सुरू आहे, काका पहिल्या रांगेत बसलेत आणि हे त्यांच्या परवानगीनंच सांगतोय.

रविवारी सकाळी मी खाली असतो. गुग्गुळ घेत असाल तर डबी आणि बाकीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, डॉक्टरांना दाखवायची यादी आपण बसून करू.