बुडी मारण्यापूर्वीची तपासणी

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारण्यास आलेल्या पर्यटकास आपण प्रथम विचारतो, "पोहता येते का?" माझ्या मते त्याआधी विचारावे, "दमा आहे का? फुफ्फुसाचे काही दुखणे पूर्वी झाले होते का?" १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत घेतलेली हवा, श्वास रोखून वर येताना, दुप्पट फुगू पाहते. फुफ्फुस फाटू शकते. साध्या सर्दीनेही कानातील दाबाचा समतोल साधत नाही व पडद्यास इजा होते. हृदयविकार तर पुष्कळ जण, सहल बुडेल म्हणून, दडवितात! तेव्हा छापील प्रश्नावलीवर घाईने सही घेऊ नये. एकाही प्रश्नास 'होय' उत्तर आल्यास डॉक्टरांचा दाखला मागावा. पैसे परत करावे लागले तरी चालेल.