फोटो कागदावर उतरतो तेव्हा

परवा एका फोटोग्राफी क्लबच्या वर्धापनदिनाचं फाइन आर्ट प्रिंट्सचं प्रदर्शन बघून आलो. हा नाद आपल्याकडे जुना आहे बरं का. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते.

या प्रिंट्स सुती कागदावर, पिगमेंट शाईत काढतात. साध्या डाय शाईपेक्षा ती खूप हळू फिकी पडते.

आता थोडं गणित. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. प्रिंट साधारण १३ बाय १० इंचांची. तोच व्हॉट्सॲपवर लहान होऊन १६०० पिक्सेलचा झाला, की लांबी उरते जेमतेम ५ इंच.

म्हणून सांगतो, आजीचा फोटो फॅमिली ग्रुपवर आहे म्हणजे तो जपलाय, असं नाही. मूळ फाइल ज्या भावंडाकडे असेल, त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. त्याचा फोन बिघडायच्या आत. आणि एक तरी प्रिंट काढाच. भेटू पुढच्या भागात!