दोन कसोट्यांचा यष्टिरक्षक



सी. के. नायडू कोण, हे घाटंजीच्या मुलांना सांगावे लागू नये. ते आपल्या विदर्भातल्या नागपूरचे. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा कर्णधार तेच होते. मला बोलायचे आहे ते त्यांच्या यष्टिरक्षकाबद्दल.

जनार्दन नवले. जन्म १९०२, पुणे जिल्ह्यातले फुलगाव. त्या काळी धर्मवार संघ खेळत; सोळाव्या वर्षी ते हिंदूंच्या संघात आले. लॉर्ड्सच्या त्या कसोटीत इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन ७९ धावांवर पोहोचला होता. नायडूंच्या चेंडूवर यष्टीमागे नवल्यांनी त्याचा झेल घेतला. याच जार्डिनने पुढच्या काही महिन्यांत ऑस्ट्रेलियाला अंगावरच्या गोलंदाजीने हैराण केले. इंग्लंडचा डाव २५९ वर संपला. इतका वेळ यष्टीमागे ऊठबस केलेले नवले मग सलामीलाही उतरले. कसोटीतला भारताचा पहिला चेंडू खेळणारा फलंदाज हाच! धावा झाल्या १२, दुसऱ्या डावात १३. सामना आपण १५८ धावांनी हरलो.

डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. तिथेही नवले होते. त्यानंतर कधीच नाही. दोन कसोट्या, ४२ धावा, एक झेल. हा हिशेब मला तोकडा वाटत नाही. जे कुणीच केले नव्हते, ते त्यांनी आधी करून दाखवले.

मन दुखते ते पुढचे वाचून. उतारवयात हा माणूस साखर कारखान्यावर रखवालदारी करत होता. १९७९ साली पुण्यात ते गेले. त्या काळी खेळाडूच्या पोटापाण्याची चिंता कुणी वाहत नसे.

आज निदान थोडी सोय आहे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. म्हणून पालकांना हात जोडून सांगतो, कापसाच्या वेचणीचे दिवस असले तरी स्पर्धेला निघालेल्या पोराला, आणि पोरीलाही, अडवू नका. शिक्षकांनी त्यांचे बुडालेले तास भरून काढावेत. आणि मुलांनो, या सवलतींसाठी उपयोगी पडू शकते म्हणून आज मिळणारे खेळाचे प्रमाणपत्र कपाटात नीट ठेवा. नाव, जन्मतारीख, स्पर्धेचा स्तर बरोबर लिहिलाय का, हे घरी जाण्याआधीच तपासा. चूक असेल तर सरांकडून आजच दुरुस्त करून घ्या.