शिशाची भिंत आणि आयोडीनची वाफ

किरणोत्सर्गी पदार्थ म्हटला की शिशाची जाड भिंत डोळ्यांसमोर उभी राहते. जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत ज्याचा विपुल वापर झाला, त्या आयोडीन-१२५ च्या बाबतीत ही कल्पना फसवी ठरते. त्याची प्रारणे इतकी दुर्बळ असतात की शिशाचा पातळ पत्राही त्यांना अडवतो. खरे भय आहे ते कुपीचे बूच काढताच निसटणाऱ्या वाफेचे.

१९६२ साली हंटर व ग्रीनवुड यांनी क्लोरामाइन-टी या ऑक्सिडीकारकाच्या साहाय्याने प्रथिनांना किरणोत्सर्गी आयोडीन जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. रक्तातील संप्रेरके मोजण्याच्या कामी ती फार उपयोगी पडली. परंतु ज्या क्रियेने आयोडाइडाचे आयोडीन होऊन ते प्रथिनाशी संयोग पावते, त्याच क्रियेत थोडे आयोडीन हवेतही जाते. विद्राव आम्लधर्मी झाला किंवा गोठला, तरीही हाच धोका संभवतो. श्वासावाटे शरीरात शिरलेले आयोडीन गळ्यातील अवटू ग्रंथीत साठते. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचे असल्याने ते तेथे दीर्घकाळ प्रारण करीत राहते.

यावरील उपाय रसायनशास्त्रच सुचविते. विद्राव किंचित अल्कधर्मी ठेवावा व गोठू देऊ नये. कुपी उघड्या मेजावर न उघडता, आतील हवा सतत बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात उघडावी आणि ती हवा सक्रियित कोळशातून गाळली जावी. द्रव सांडल्यास प्रथम त्यावर सोडियम थायोसल्फेटाचा विद्राव घालावा. त्यायोगे आयोडीनचे पुन्हा आयोडाइड होते व वाफ थांबते. त्यानंतरच जागा पुसावी. आयोडीन हातमोज्यांतूनही झिरपते. म्हणून मोज्यांचे दोन जोड वापरावेत व वरचा वारंवार बदलावा. काम संपल्यावर काही काळाने गळ्याजवळ गणित्र धरून अवटू ग्रंथीची तपासणी करावी.

गंधक-३५ युक्त मेथिओनीनचा अनुभवही असाच बोधप्रद आहे. या अमिनो आम्लाची वाफ होईल अशी शंका पूर्वी फारशी कोणी घेत नसे. पुढे त्याच्या विघटनातून बाष्पनशील द्रव्ये निघतात व ती पेशीसंवर्धनाच्या उबवणपेट्या दूषित करतात, असे आढळून आले.

भारतात अशा कामाच्या सुरक्षिततेवर देखरेख करण्यासाठी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. तथापि बूच काढण्याच्या क्षणी देखरेख करणारा कोणी जवळ नसतो. सायंकाळी तीच खोली झाडण्यास येणाऱ्या माणसाला कुपीत काय होते हे ठाऊक नसते. त्याच्या श्वासाची जबाबदारी कुपी उघडणाऱ्याने उचललेली असते, हे प्रत्येक संशोधकाने ध्यानी ठेवावे.