गिअरचा दांडा अडतो तेव्हां



बीड शहराहून दक्षिणेस निघालें म्हणजे पालीच्या पुढें मांजरसुंब्याचा घाट लागतो. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा चढ कांहीं सह्याद्रीच्या घाटांसारखा दुर्घट नव्हे. पण मालानें भरलेली जुनी गाडी त्या चढावर आपलें खरें वय सांगते, आणि परत बीडकडे उतरतांना तर तें अधिकच स्पष्ट सांगते. आज मला बोलावयाचें आहे तें अशाच जुन्या गाडीच्या एका अवयवाविषयीं, म्हणजे तिच्या गिअरच्या दांड्याविषयीं.

विषय किरकोळ वाटेल. पण या जिल्ह्यापुरतें तरी तसें नाहीं. बीड शहरास आगगाडी मिळाली ती २०२५ च्या सप्टेंबरांत. परळीस रूळ पुष्कळ पूर्वीं आले होते, तरी जिल्ह्याच्या बहुतेक भागाची भिस्त पिढ्यान् पिढ्या रस्त्यावरच राहिली. निजाम सरकारच्या रेल्वेनें १९३२ सालीं मोटारबसगाड्या सुरू केल्या, तेव्हां बीड त्याच राज्यांत होतें. कापूस बाजारांत नेणें, आजाऱ्यास दवाखान्यांत पोंचविणें, ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांचें बिऱ्हाड हलविणें, हें सारें चाकांवरच व्हावयाचें. अशा मुलुखांत मोटार ही चैन नसते, गरज असते.

त्या काळच्या गाड्या बहुधा मुंबईंत जोडल्या जात. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ सालीं निघाला. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें १९४७ सालीं कुर्ल्यास गाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढें महिंद्रांच्या जीपा आल्या. पुढें दोघातिघांस बसावयास जागा आणि मागें उघडा हौदा, अशी पिकअप या घराण्यांतलीच. अशी एखादी गाडी अजूनही कोठें शेतावरच्या गोठ्याशेजारीं उभी असते. ती आजोबांनीं घेतलेली असते. नातू ती पुन्हां चालती करावयास घेतो. इंजिन सुरू होतें, घरांत पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच दिवशीं गिअरचा दांडा अडतो. लगेच कोणीतरी सांगतो, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." गिअरबॉक्स उतरविणें म्हणजे खर्च, खोळंबा, आणि न मिळणाऱ्या सुट्या भागांचा शोध. पुष्कळदां या साऱ्याची कांहींच आवश्यकता नसते. दोष पेटीच्या आंत नसून बाहेर असतो, आणि तो ओळखण्याची रीत घरच्या माणसासही साधण्यासारखी आहे.

प्रथम रचना समजून घेऊं. तीन गिअरच्या जुन्या पेटींत दोन फोर्क असतात. एक पहिला गिअर व रिव्हर्स यांचा, दुसरा दुसऱ्या व तिसऱ्या गिअरचा. कांहीं गाड्यांत दांडा सरळ पेटीवरच उभा असतो. पण १९४८ सालीं शेव्हर्लेनें आपल्या नव्या मालगाड्यांत तीन गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर नेला. आपल्याकडे अॅम्बॅसडर आणि फियाट गाड्यांत हीच तऱ्हा अनेक वर्षें चालली, म्हणून ती आपणांपैकीं पुष्कळांच्या हातांस परिचित असेल. येथें दांडा व पेटी यांच्यामध्यें लांब अंतर असतें. खांबाच्या तळाशीं दोन लहान तरफा आणि तेथून पेटीपर्यंत दोन रॉड, अशी ही जोडणी असते. दांडा एका दिशेनें हलविला म्हणजे दोहोंपैकीं एक तरफ निवडली जाते. दुसऱ्या दिशेनें हलविला म्हणजे ती तरफ रॉड ओढते किंवा ढकलते. प्रत्येक सांध्यांत बुश असतो. पन्नाससाठ वर्षांच्या धुळीनें हे बुश झिजतात. प्रत्येक सांध्यांत केसभर ढिलाई आली, तरी सर्व मिळून बोटभर होते, आणि दांड्याचें म्हणणें पेटीपर्यंत नीट पोंचत नाहीं.

आतां परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांच्या पुढें व मागें दगड लावावे. ही काळजी कधींही टाळूं नये, कारण गिअर सुटतांच गाडी चालूं लागते. मग इंजिन बंद ठेवून गिअर घालून पाहावा. इंजिन बंद असतां गिअर सहज पडतो आणि चालू असतां करकरतो, तर बहुधा संशय क्लचवर घ्यावा. पेडल दाबतांना आरंभीं पाऊण ते एक इंच मोकळें जावें, असें जुन्या गाड्यांत साधारण प्रमाण असतें. तें फार वाढलें असेल तर क्लच पुरता सुटत नाहीं. खात्री करावयाची तर इंजिन मंद चालूं द्यावें, पेडल पूर्ण दाबून आठदहा सेकंद थांबावें आणि मग रिव्हर्स घालावा. इतकें थांबूनही दांत घासले, तर क्लच ओढतो आहे हें निश्चित. अशा वेळीं गिअरबॉक्स उघडणें म्हणजे दातदुखीवर डोळ्यांत औषध घालण्यासारखें आहे.

एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. गिअरची गति आपोआप जुळविणारी सिंक्रोमेश योजना १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत प्रथम आली. परंतु तीन गिअरच्या बहुतेक जुन्या पेट्यांत ती पहिल्या गिअरास नसते. चालत्या गाडींत पहिला गिअर घालतांना तो ओरडला, तर तो पेटीचा दोष नव्हे. तो चालविणाराच्या घाईचा आवाज आहे.

इंजिन बंद असूनही दांडा हलत नसेल, तर दुसरी परीक्षा करावी. पेटीकडील टोंकास रॉडांच्या पिना काढून दोन्ही रॉड मोकळे करावे आणि पेटीवरच्या तरफा हातानें पुढें-मागें करून पाहाव्या. त्या ठसठशीत 'टक' असा आवाज करून आपापल्या जागीं बसल्या, तर पेटी बहुधा निर्दोष आहे, आणि सारी गडबड वरच्या जोडणींत आहे. अर्ध्या तासाच्या या परीक्षेनें मोठा खर्च वांचूं शकतो. उलट येथेंही तरफ हलली नाहीं, तर मात्र दोष आंत आहे, आणि जाणत्या मिस्त्रीस बोलवावें.

खांबावरच्या दांड्याची नेहमींची तक्रार म्हणजे पहिल्यांतून दुसऱ्या गिअरांत जातांना तो मध्येंच अडकतो. ना पुढें, ना मागें. याचें कारण असें कीं, झिजलेल्या बुशांमुळें पहिली तरफ पुरती मध्यावर येण्याआधींच दांडा दुसरीकडे वळतो आणि दोन्ही तरफांत अडकून बसतो. दांड्यावर जोर करूं नये, पिना वाकतात. इंजिन बंद करून बॉनेट उघडावें, खांबाच्या तळाशीं दोन्ही तरफा पाहाव्या, आणि जी सरकली असेल ती हातानें ढकलून दोन्ही एका ओळींत आणाव्या. दांडा लगेच मोकळा होतो. हा झाला तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे नवे बुश, स्वच्छ सांधे, नवें ग्रीस, आणि रॉडांच्या लांबीची जुळवणी. पेटी न्यूट्रलमध्यें ठेवावी, खांबाच्या तरफा एका ओळींत धराव्या, आणि रॉडाचें टोंक फिरवून त्याची लांबी अशी करावी कीं, पीन हलक्या हातानें भोंकांत जावी. पीन ठोकून बसवावी लागली, तर जुळवणी चुकली असें समजावें.

तेलाकडेही पाहावें. पेटींतलें तेल कमी किंवा घट्ट चिखलासारखें झालें असेल, तर थंडीच्या सकाळीं दांडा जड जातो. नवें तेल घालतांना गाडीच्या पुस्तिकेंतील सूचना पाळावी. जुन्या पेटींतील पितळी कड्यांस 'जीएल-५' जातीचीं कांहीं तेलें मानवत नाहींत, म्हणून बरेच जाणकार 'जीएल-४' पसंत करतात.

आतां सर्वांत गंभीर दोष. तो म्हणजे उतारावर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतांच गिअर आपोआप सुटतो. अडलेला दांडा माणसाचा वेळ घेतो. सुटणारा गिअर जीव घेऊं शकतो. उतरणीवर भरलेल्या गाडीस आवर घालण्यांत इंजिनाचा वांटा मोठा असतो. तो एकदां सुटला कीं सारा भार ब्रेकवर येतो, आणि जुने ड्रमब्रेक तापले म्हणजे त्यांची पकड कमी होते. कांहीं चालक अशा वेळीं दांडा हातानें दाबून धरतात किंवा दोरीनें बांधतात. हा उपाय नव्हे. त्यानें फोर्क सतत घासत राहून आणखी झिजतो. येथेंही आधीं बाहेरून पाहावें. रॉड काढून पेटीवरची तरफ हातानें गिअरमध्यें पूर्ण बसवावी, दांडाही त्याच गिअरच्या जागीं नेऊन ठेवावा, आणि रॉडाचें टोंक तरफेच्या भोंकाशीं जुळतें का तें पाहावें. जुळत नसेल, तर गिअर आजवर अर्धाच पडत होता. जुळवणीनें काम होईल. पेटीचे व इंजिनाचे बोल्ट आणि रबरी बैठकाही ढिल्या नाहींत ना, तें तपासावें. हें सर्व ठीक असूनही गिअर सुटत असेल, तर आंतली स्प्रिंग मेली आहे, बेअरिंग ढिलें झालें आहे किंवा दांत गोल झाले आहेत. मग पेटी उघडावीच लागेल, आणि तोंवर गाडी घाटावर नेऊं नये. हौद्यांत माणसें असोत कीं कापसाचे बोजे, हा नियम मोडूं नये.

गाडी निर्दोष असली, तरी घाटाच्या माथ्यावरच क्षणभर थांबून दुसरा गिअर घालावा आणि तोच ठेवून उतरावें. वेग वाढल्यावर पहिला गिअर त्या जुन्या पेटींत पडणार नाहीं. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडून देणें, हें तर मांजरसुंब्याच्या घाटांतच काय, कोणत्याही उतारावर करूं नये.

यंत्राची दुरुस्ती करतांना आपण बहुधा सर्वांत दुर्गम जागीं दोष शोधतों, कारण तेथें तो असावा असें आपल्या भीतीस वाटतें. जें हातास सहज लागतें, जें उघड्यावर आहे, तें आधीं पाहावें: क्लचचें पेडल, रॉडांचे सांधे, बुश, तेल. तेथें कांहीं न सांपडल्यास पेटीचे बोल्ट सोडावयास पाना आपल्या हातीं आहेच.